जुन्या चौकटीतले नवे खेळ

ज्या महाराष्ट्रीय घरात सोलापूरची एकही चादर नाही असे घर शोधावयास निघालेला मनुष्य बहुधा रिकाम्या हातांनीच परत येईल. प्रवासाच्या वळकटीत, पाहुण्यांच्या अंथरुणात, बाळंतिणीच्या खोलीत ती असतेच. आणि इतक्या परिचयामुळेच तिच्याकडे निरखून कोणी पाहत नाही. वाचकांनी एकवार एवढे करावे, की घरातली मोराची चादर उजेडात धरून वीतभर अंतरावरून पाहावी. दुरून जी मान डौलाने वळलेली वाटते ती मुळी वळलेली नसतेच. ती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली असते. वाटोळे असे त्या मोरात काही नाही. जे आहे ते सारे लहान लहान चौकोनांचे. हाच मोर घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलास दाखविल्यास तो तत्काळ म्हणेल, ‘हा तर पिक्सेलचा मोर!’

मुलाच्या तोंडी हा शब्द कोठून आला, हे वडीलधाऱ्यांस सांगणे प्राप्त आहे. हल्ली संगणकावर व मोबाइलवर जे व्हिडिओ गेम निघतात त्यांत एक पंथ असा आहे, की तो मुद्दाम जुने रूप धारण करतो. ‘शॉवेल नाइट’ (२०१४), ‘अंडरटेल’ (२०१५), ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६), ‘सेलेस्ट’ (२०१८) हे त्यांतले नामांकित. ज्या यंत्रावर गवताच्या पात्यावरचे दव हुबेहूब दाखविता येते, त्याच यंत्रावर ह्या खेळांचे कर्ते चौकोनी नाकाची माणसे आणि पायऱ्यापायऱ्यांचे ढग काढतात व संगीतही चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळण्यातल्यासारखे पिंपिं वाजवितात. घरातल्या वृद्धांस हे चमत्कारिक वाटते. नवे वस्त्र अंगावर असताना मुद्दाम ठिगळ लावून मिरवावे, त्यातला हा प्रकार, असे ते म्हणतात. उलट ज्यांस नुकतीच चाळिशी लागली आहे असे त्यांचे चिरंजीव हेच खेळ रात्री सर्व निजल्यावर उघडून बसतात, आणि विचारले असता ‘आमच्या लहानपणची आठवण येते’ एवढेच उत्तर देतात. ही आठवण नेमकी कशाची, असा आमचा प्रश्न आहे. आणि तो आम्हांस वाटतो तितका लहान नाही.

प्रथम चौकोनांचा विचार करू. सोलापूरचा नक्षीकार हौसेने चौकोन काढीत नाही. त्याचे चित्र प्रथम चौकटीच्या कागदावर उतरते. आता हा कागद पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर गेला आहे, पण चौकटी त्याच आहेत. ढोबळमानाने उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. ज्या घरात रंग भरला तेथे ताण्याचा धागा उचलावयाचा, जे घर कोरे राहिले तेथे तो खालीच ठेवावयाचा. मग एकेका आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचा एकेक पत्ता घेऊन त्यास भोके पाडतात व पत्त्यांची माळ करून ती मागाच्या डोक्यावरील जॅकार्डवर चढवितात. भोक असेल तेथे सुई आत शिरते व आकडा धागा उचलतो. भोक नसेल तेथे सुई अडते व धागा जागीच राहतो. उचलला किंवा न उचलला, ह्याखेरीज तिसरी गोष्ट त्या यंत्रास ठाऊक नाही. मोराची मान वाटोळी करावयाची तर पायऱ्या अधिक बारीक कराव्या लागतील, म्हणजे पत्ते वाढतील, धागे वाढतील, खर्च वाढेल. तेव्हा थोडक्या घरांत मोर ओळखू आला पाहिजे, हे त्या कारागिराचे खरे कसब. ह्या चादरीस २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु पद्मशाली विणकरांच्या ह्या शहरात, जेथे मराठी, तेलुगु आणि कानडी एकाच गल्लीत ऐकू येतात, संगणकाची चुलत-आजी आजही खडखड करीत उभी आहे, हे फारसे कोणी ध्यानी घेत नाही.

चुलत-आजी हा शब्द आम्ही विनोदाने योजिलेला नाही. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने गणित करणाऱ्या यंत्राची जी मोठी योजना आखली, तीत यंत्रास आज्ञा देण्याकरिता हेच भोकांचे पत्ते घेतले होते. जॅकार्डचीच रेशमात विणलेली एक तसबीर बॅबेजच्या संग्रही होती. तिला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. सोलापूरच्या मोरास आणि जपानी खेळातल्या मिशाळ बाप्यास एकाच कुळातले म्हटले तर त्यात ओढाताण नाही.

आता त्या मिशाळ बाप्याकडे वळू. निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विक्रीस काढले. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. हलत्या चित्राचा प्रत्येक तुकडा ८ ठिपके रुंद, त्यास तीनच रंग. आणि एका आडव्या ओळीत असे आठांहून अधिक तुकडे आले की जास्तीचे दिसेनासे होत. कर्ते मग त्यांस आळीपाळीने दाखवीत, म्हणून गर्दी झाली की आकृत्या लुकलुकत. मारिओ ह्या पात्राचा जन्म त्याआधीचा, १९८१ च्या ‘डाँकी काँग’ खेळातला. त्याच्या डोक्यावर टोपी का? तर इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणे अवघड. मिशी का? तर नाक आणि तोंड वेगळे दिसावे म्हणून. अंगावरचा तो विजारवजा पोशाख का? तर हात हलताना शरीराहून निराळे कळावेत म्हणून. जगातल्या कोट्यवधी मुलांनी ज्याच्यावर जीव लावला त्याचे सारे रूपच असे काटकसरीतून आले. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविला होता. आजच्या मोबाइलने काढलेले एक साधे छायाचित्र त्याच्या शंभरपट जागा सहज खाते. त्या खेळातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त एकीस पांढरा रंग दिला व दुसरीस हिरवा. एका भाजीचे दोन पदार्थ करून पंगत निभावून नेणाऱ्या गृहिणीस ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

याहूनही मौजेची गोष्ट १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ ह्या खेळाची. शत्रू जसजसे मरत तसतसे उरलेले अधिक वेगाने चाल करून येत, आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे. हा वेग कर्त्याने, तोमोहिरो निशिकादो ह्याने, आधी योजिलेला नव्हता. आकृत्या कमी झाल्या की यंत्राचे ओझे हलके होई व ते आपोआप पळू लागे, इतकेच. निशिकादोने ते पाहिले, आणि तसेच राहू दिले.

तेव्हा ते चौकोन ही त्या काळची आवड नव्हती, अडचण होती. आजच्या कर्त्यापुढे ती अडचण नाही. मग तो जे पुन्हा उभे करतो ते काय? येथे ‘शॉवेल नाइट’च्या मंडळींनी मोठा प्रांजळपणा दाखविला आहे. आपण जुन्या यंत्राचे कोणते नियम पाळले व कोणते मोडले, हे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. रंग त्यांनी जुन्याच पेटीतून घेतले, पण चार-दोन अधिक मिसळले. पडदा आजच्यासारखा रुंद ठेवला. आणि आकृत्यांचे लुकलुकणे अजिबात काढून टाकले. म्हणजे जुना खेळ जसा होता तसा त्यांनी केला नाही, तो आपल्याला जसा आठवतो तसा केला. आठवणीत आकृत्या लुकलुकत नाहीत.

चौकोनांच्या धारदार कडांचेही तसेच. ज्या काळी हे खेळ घरोघरी आले त्या काळचे टीव्ही काचेच्या जाड नळीचे. त्यांत रंग शेजारच्या रंगात पाझरत, कडा मऊ होत, आणि चित्रकारही हे जाणूनच चित्रे काढीत. आज पडद्यावर जो कोरून काढल्यासारखा चौकोन दिसतो तसा तो १९९० साली बहुधा कोणी पाहिलाच नव्हता. आपण म्हणतो हे आमचे बालपण. आणि पाहत असतो ते बालपणाचे धुऊन, खळ देऊन, इस्त्री केलेले रूप. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. आजोबांनी सांगितलेली त्यांच्या गावची नदीही प्रत्यक्षाहून अंमळ रुंदच असते.

परंतु आठवणीतून काय गळले, हे पाहावयास हवे. इकडे ते यंत्र आले तेव्हा ते बहुतेक घरी मूळ जपानी नसून त्याची नक्कल असे. आत घालावयाच्या डबीस मुले ‘कॅसेट’ म्हणत, आणि तिच्यावर ‘९९९९ खेळ एकात’ असे काहीतरी छापलेले असे. प्रत्यक्षात पाचपंचवीस खेळ नावे व क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा येत. चित्र उमटले नाही की कॅसेट काढून तिच्यात जोराने फुंकर मारावयाची. फुंकरीने काहीच साधत नसे, उलट तोंडाची वाफ धातूस बाधे. चित्र उमटे ते पुन्हा नीट बसविल्यामुळे. पण फुंकर मारण्याचा मान थोरल्या भावाचा. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ती मुले सुट्टीत तासाच्या बोलीने ते भाड्याने आणीत, किंवा गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानी उभी राहत. घरात टीव्ही एक, आणि तो बैठकीच्या खोलीत. म्हणून खेळही सर्वांच्या देखत. दिवेलागण झाली की परवच्यासाठी तो बंद. बातम्यांच्या वेळी तो बंद. ‘चित्राची नळी खराब होते’ असे काकांस वाटले की तेव्हाही बंद. आणि खेळ चालू असताना जर वीज गेली तर सारे गेले, कारण ‘सुपर मारिओ’त कोठवर आलो ते राखून ठेवण्याची सोयच नव्हती. पुन्हा पहिल्या पायरीपासून.

ह्या साऱ्यांत मुख्य होती ती पाळी. ‘सुपर मारिओ’ दोघांनी खेळावयाचा तर एकाचा जीव गेला की दुसऱ्याने घ्यावयाचे, हा त्या खेळाचाच नियम होता. आठ भावंडांच्या घरात मुलांनी तो वाढवून घेतला: एक जीव, एक पाळी, मग कंट्रोलर पुढच्याच्या हाती. ‘तुझा जीव गेला’ हे वाक्य सबंध सुट्टीभर घरात घुमत असे, आणि माजघरातून आजी ‘काय अभद्र बोलता रे मेल्यांनो’ म्हणून ओरडत असे. ‘काँट्रा’ ह्या खेळात तर दोघे एकदमच लढत. त्यातल्या धबधब्याच्या टप्प्यात पुढचा घाईने वर चढला की पडदा त्याच्याबरोबर सरके, आणि मागे राहिलेला खाली पडून मरे. थोरल्याने धाकट्यासाठी थांबावे की न थांबावे, हा प्रश्न आमच्या मते कोणत्याही शालेय पुस्तकापेक्षा तेथे अधिक निकडीने पुढे येत असे. धाकट्याची बाजू घेण्यास आत्या असेच. जी सहा मुले खेळत नसत तीही खेळातच असत. कोठे छुपी वीट आहे, कोठे खड्डा आहे, ह्याचा गिलका चालू असे.

आता रात्री सर्व निजल्यावर एकट्याने, कानांत बोंडे घालून, हातातल्या पडद्यावर जो चाळिशीतला गृहस्थ चौकोनी माणूस पळवितो, त्याला चौकोन परत मिळाले. पण ज्याची त्यास रुखरुख आहे ते त्या चौकोनांत नव्हतेच. ते त्या खोलीत होते. चौकोन पुन्हा काढणे सोपे, खोली पुन्हा भरणे कठीण. तो खेळ संपवून निजतो, आणि सकाळी त्याच्या मुलास ठाऊकही नसते की वडील रात्री काय खेळले. मुलगाही आपल्या खोलीत आपल्या मोबाइलवर कदाचित तसलाच दुसरा खेळ खेळून निजलेला असतो. एका छपराखाली दोन पिढ्या एकाच तऱ्हेच्या खेळात रमल्या, आणि एकमेकांस भेटल्या नाहीत. संयुक्त कुटुंबाचे वाभाडे काढणाऱ्या व्याख्यानांपेक्षा ही शांतता आम्हांस अधिक चिंतेची वाटते.

कोणी विचारील, ज्या मुलाने ती कॅसेट कधी पाहिलीच नाही त्यास हे जुने रूप का आवडते? त्यास कसली आठवण? आठवण नव्हेच. दिवाळीतला किल्ला आठवावा. मातीच्या ढिगावर मोहरी पेरली की रान झाले, आरशाचा तुकडा ठेवला की तळे झाले, आणि बुरुजाहून उंच मावळा पायथ्याशी उभा केला तरी कोणी आक्षेप घेत नाही. थोडक्या वस्तू, प्रत्येकीस अर्थ, उरलेले पाहणाऱ्याने भरावयाचे. चौकोनी खेळातही हेच आहे. फार तपशिलाच्या चित्रात मुलाच्या कल्पनेस काम उरत नाही, येथे उरते. हा गुण जुनेपणाचा नव्हे, मोजकेपणाचा. म्हणूनच तो दहा वर्षांच्या मुलासही पोचतो.

ह्याच कसोटीवर अस्सल व नकली वेगळे काढता येतात. मोबाइलवर असे पुष्कळ खेळ फुकट मिळतात की ज्यांनी चौकोनांचा नुसता मुखवटा चढविला आहे. घटकाभर खेळले की जाहिरात, मग पुन्हा जाहिरात, आणि वाट अडली की पैसे मोजून पुढे जा. जुन्या कॅसेटीत लाख दोष असतील, पण एकदा घेतली की ती पुरती आपली झाली, तिने पुन्हा हात पसरला नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ची आम्ही जी प्रशंसा करतो तिचे एक कारण हेच, की एकदा दाम दिल्यावर पुढच्या सर्व भरी विनामूल्य मिळत आल्या. तो खेळ एरिक बॅरोन नामक एका तरुणाने साडेचार वर्षे खपून एकट्याने केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, लिखाण त्याचे. लहानपणी आवडलेला १९९६ चा एक शेतीचा जपानी खेळ पुढच्या आवृत्त्यांत उतरत गेला असे त्यास वाटले, म्हणून. २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

आपल्याकडेही ह्या क्षेत्रात हालचाल आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग ह्या मंडळीने ‘पॅक-मॅन’ ह्या १९८० च्या जपानी खेळाचा मोबाइलवरील अधिकृत अवतार घडविला, ही लहान गोष्ट नव्हे. त्याहून आम्हांस विशेष वाटते ते पुण्याच्याच नॉडिंग हेड्स ह्या मंडळीच्या ‘राजी’चे (२०२०). त्यात चौकोन नाहीत. त्यातली चित्रे पहाडी लघुचित्रांच्या वळणाची, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दाखविलेले. आठवणच जागवावयाची तर ती जपानी काटकसरीचीच का असावी? आपल्या घरी सोंगट्यांचा कापडी पट होता. चार पट्ट्या, प्रत्येकीत चोवीस घरे, मिळून शहाण्णव. तोही चौकोनांचा, तोही पाळीचा, आणि तोही चारजणांखेरीज रंगत नसे. सोलापूरच्या एखाद्या नक्षीकाराच्या नातवाने चादरीच्या चौकटीतच उभा केलेला खेळ आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आला तर त्याचे कौतुक ह्याच सदरात करू. तोपर्यंत ज्यांच्या घरी उत्सुक मुले आहेत त्यांनी गणिताची चौकटीची वही द्यावी, सोळा घरे आडवी, सोळा उभी, रंगाच्या तीनच पेन्सिली, आणि आजोबांचे चित्र काढावयास सांगावे. मिशी प्रथम येते असा आमचा अनुभव आहे.

राहिला खोलीचा प्रश्न. त्यासाठी खेळ निवडताना तो जुना दिसतो की नाही हे न पाहता, त्यात दुसऱ्यास बसावयास जागा आहे की नाही हे पाहावे, आणि तो मोबाइलवर न खेळता बैठकीतल्या टीव्हीस जोडून खेळावा, असे आमचे सांगणे आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’त २०२० च्या डिसेंबरापासून एकाच पडद्याचे भाग पाडून शेजारी बसून खेळण्याची सोय झाली आहे. त्यात शेत एक, प्रत्येकाचे घर वेगळे. तिजोरी आरंभी सामाईक असते. ज्यांस ती वेगळी हवी असेल त्यांनी गावच्या नगराध्यक्षाच्या घरी जाऊन तसे सांगावयाचे, म्हणजे रातोरात वाटणी होते. एका परिचिताच्या घरी बाप, लेक आणि पुतण्या असे तिघे रविवारी हा खेळ घेऊन बसले असता पहिल्याच तासात पुतण्याने वाटणी मागितली. आजी शेजारी वाती वळीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, ‘आणि कोंबड्या कोणाकडे?’